संगणकाची शाकारणी : अपडेट घ्यायचे की थांबायचे?

मे महिना उतरणीला लागला की आपल्याकडे घरोघर शाकारणीची घाई सुरू होते. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, वासे ठोकून बघायचे. मिरग लागायच्या आत छप्पर झाले पाहिजे, हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. पण गावातल्या विकास सोसायटीत, ग्रामपंचायतीत किंवा आंबा व्यापाऱ्याच्या पेढीवर जो संगणक आहे, त्याचे छप्पर शेवटचे कधी तपासले, असे विचारले तर समोरचा आपल्याच तोंडाकडे बघत राहतो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘अपडेट तयार आहे’ अशी पाटी येते. आपण ‘नंतर’ म्हणून टिचकी मारतो आणि कामाला लागतो. ते ‘नंतर’ काही उजाडत नाही.

मी कृषी विस्ताराचे काम करणारा माणूस. माझा विषय भात, आंबा, काजू. संगणकावर मी का लिहावे? त्याला कारण आहे, आणि त्यात माझीही चूक आहे.

तात्यांचा निळा पडदा

मार्च २०२१ ची गोष्ट. नांदगाव तिठ्यावर, जिथून देवगडचा रस्ता फुटतो, तिथे चहा घेत उभा होतो. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. वयाने वडील, आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणतो. आवाज घाबरलेला.

“साहेब, सकाळी ह्या मशिनान आपसूक अपडेट घेतल्यान. आता पावती छापूक गेलंय काय निळो पडदो येता आणि सगळा बंद पडता. मार्च येंडिंग तोंडार इलाहा, सभासद दारात उभे. माका काय करूचा ता सांगा!”

तात्यांचे काही चुकले नव्हते. ९ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजसाठी जी दुरुस्ती पाठवली, तिच्यामुळे काही ठरावीक प्रिंटरवर छापायला गेले की संगणक बंद पडत होता. जगभर हीच तक्रार होती. कंपनीने १५ मार्चपासून त्यावरची दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. पण हे तेव्हा ना तात्यांना माहीत, ना मला. तालुक्याच्या गावातून मेकॅनिक आला, त्याने ते अपडेट काढून टाकले आणि पुन्हा कटकट नको म्हणून अपडेटची सोयच कायमची बंद करून ठेवली.

तात्यांनी मला विचारले, “ह्या बंद ठेवलेला बरा मां?”

मी म्हणालो, “राहू दे तात्या. चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?”

माझी चूक ती हीच. एक बिघाड आठवड्याच्या आत दुरुस्त झाला होता, पण त्याच्या भीतीने आम्ही सत्तावीस महिने दार लावून बसलो. जून २०२३ मध्ये, मिरग लागून आठवडा झाला असेल, तात्यांनी सकाळी संगणक सुरू केला तर एकही फाईल उघडेना. सगळ्या फाईलींची नावे बदललेली आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता, पण त्याच मशीनच्या दुसऱ्या कप्प्यात. तोही कुलूपबंद. मेकॅनिक बघून म्हणाला, “ज्या भोकातून हे आत आलंय, त्याची दुरुस्ती येऊन वर्ष उलटलं. या मशीनला ती पोचलीच नाही.”

संस्था वाचली ती दोन गोष्टींमुळे. ऑडिटसाठी ३१ मार्चची प्रत एका पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवलेली होती, आणि तात्या जुन्या वळणाचे म्हणून प्रत्येक व्हाऊचर कागदावर जपलेले होते. अडीच महिन्यांच्या नोंदी तात्या आणि त्यांचा क्लार्क यांनी एकोणीस दिवस बसून पुन्हा चढवल्या. तोवर खरीप कर्जाची प्रकरणे रखडली. लावणी काही कुणासाठी थांबत नाही. कित्येक सभासदांनी खत उधारीवर उचलले, ते चढ्या भावाने. हे नुकसान कुठल्या ताळेबंदात दिसत नाही, पण ते शेतकऱ्याच्याच खिशातून गेले.

पॅच म्हणजे ठिगळ

संगणकाची प्रणाली माणसांनीच लिहिलेली असते. तिच्यात लाखो ओळी असतात आणि त्यात चुका राहतात. काही चुका अशा, की त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. अशी चूक सापडली की कंपनी तेवढ्यापुरती दुरुस्ती तयार करून पाठवते. तिला म्हणतात पॅच, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. अपडेट म्हणजे अशा ठिगळांचा गठ्ठा. कधी त्याबरोबर नव्या सोयीही येतात.

यात एक गोम आहे. दुरुस्ती जाहीर झाली की ती चोरांनाही मिळते. जुनी आणि नवी प्रणाली शेजारी ठेवून भोक नेमके कुठे होते, हे ते शोधून काढतात. म्हणजे दुरुस्ती बाहेर आल्यानंतर ती न लावणाऱ्याचा धोका उलट वाढतो. शेजाऱ्याने भेकरांसाठी कुंपण घातले की भेकरे आपल्या वाडीत वळतात, तसेच हे.

न लावल्याने काय होते

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती दिली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच भोकातून शिरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त संगणक त्याने कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. आपल्या देशात केरळच्या वायनाड जिल्ह्यातल्या तरियोड ग्रामपंचायतीचे संगणक त्यात सापडले. “आमच्या खेड्यातल्या संगणकात कुणाला काय मिळणार?” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हा विषाणू माणूस बघून येत नाही. उघडे दार दिसले की शिरतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा देणारी ही कंपनी. धोका पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या यंत्रणेपासून तोडले. त्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे मोबाईलवरचे आणि एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली. सायबर सुरक्षेचे काम करणाऱ्या क्लाउडसेक या कंपनीच्या विश्लेषणानुसार चोर शिरले ते सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या संगणकातून, आणि तेही अशा भोकातून, ज्याची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४ रोजीच बाहेर आली होती. सहा महिने आधी! दार उघडे राहिले एकाचे आणि पैसे अडकले दूरदूरच्या खातेदारांचे.

लावल्याने काय होऊ शकते

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तात्यांसारख्यांवर अन्याय होईल.

सी-एजच्या प्रकाराआधी बाराच दिवस, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या संरक्षण प्रणाली विकणाऱ्या कंपनीने एक सदोष अपडेट जगभर एकदम पाठवले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. कंपनीने ७८ मिनिटांत ते अपडेट मागे घेतले, पण तोवर ज्यांनी घेतले त्यांचे संगणक एकेक करून माणसाला हाताने सुरू करावे लागले. ज्यांची यंत्रे त्या वेळी बंद होती, ते वाचले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तर विंडोजचे एक मोठे अपडेट घेतल्यावर काही लोकांच्या स्वतःच्या फाईलीच पुसल्या गेल्या. चारेक दिवसांत कंपनीला ते थांबवावे लागले.

तेव्हा अपडेटने कधीच काही बिघडत नाही, असे जो सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका. आणि अपडेट बंद ठेवले की सुरक्षित, असे जो सांगतो त्यावर तर मुळीच नको. पण या दोन नुकसानांत फरक आहे. अपडेटने झालेला बिघाड बहुतेक वेळा काही तासांत किंवा दिवसांत सुधारतो, कारण तो सगळ्यांनाच होतो आणि कंपनी त्यामागे लागते. चोराने कुलूप लावलेली खतावणी मात्र सुधारून द्यायला कुणी येत नाही.

ठरवायचे कसे?

म्हणून प्रश्न ‘घ्यायचे की नाही’ असा नाहीच. कधी घ्यायचे, आधी कोणत्या संगणकावर घ्यायचे आणि बिघडले तर मागे कसे यायचे, एवढे ठरवायचे. बागायतदाराला हे नवीन नाही. तुडतुडे दिसले तर फवारणी करावीच लागते, पण मोहोर पूर्ण फुललेला असताना आपण ती टाळतो, आणि नवे औषध आधी एका कलमावर मारून बघतो. तोच हिशेब इथे लावावा.

पहिले, बॅकअप. अपडेट घ्यायच्या आधी सगळ्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क विषाणू आला की तीही जाते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली फाईल खरोखर उघडते का, हे पाहावे. न उघडणारा बॅकअप म्हणजे न उगवणारे बियाणे.

दुसरे, कोणते अपडेट ते बघावे. भोक बुजवणारे सुरक्षा अपडेट आठवड्याभरात घ्यावे. चोर त्या भोकाचा वापर करू लागले आहेत अशी बातमी आली, तर बॅकअप घेऊन त्याच दिवशी घ्यावे. नव्या सोयी देणारे मोठे अपडेट मात्र हंगाम संपेपर्यंत थांबवले तरी बिघडत नाही. अँटीव्हायरसची रोजची यादी आपोआप येऊ द्यावी, ती अडवू नये.

तिसरे, आधी एक संगणक. दोन-तीन असतील तर ज्यावर कमी काम आहे त्यावर आधी घ्यावे. दोन दिवस पावती, पासबुक, अहवाल छापून बघावेत, मग बाकीच्यांवर. एकच संगणक असेल तर चार-पाच दिवस थांबून, शेजारच्या संस्थेत घेतल्यावर काय झाले ते विचारून घ्यावे. विंडोजमध्ये नुकतेच घेतलेले अपडेट काढून टाकण्याची सोय असते. ती कुठे आहे हे मेकॅनिककडून आधीच समजून घ्यावे, अडचणीच्या दिवशी नव्हे.

चौथे, वेळ. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. म्हणजे तिथी आधीच ठाऊक आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये अपडेट जास्तीत जास्त ३५ दिवस थांबवून ठेवता येते. मार्चमधले अपडेट त्याच आठवड्यात घेऊन, तपासून, २० मार्चपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबवून ठेवावे. वर्षअखेरही सांभाळली जाते आणि दारही उघडे राहत नाही. मुदत संपल्यावर मात्र पुन्हा ‘नंतर’ नको.

पाचवे, वीज. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा नाही. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर चांगले मशीन अंथरूण धरते. यूपीएसची बॅटरी ठीक असेल तरच, आणि आभाळ गडगडत नसतानाच अपडेट लावावे.

कुणाकडून येते तेही बघा

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विषाणूने जगात धुमाकूळ घातला. आपल्या न्हावाशेवा बंदरातले एक कंटेनर टर्मिनलही त्यात बंद पडले. हा विषाणू युक्रेन देशातल्या हिशेबाच्या एका प्रणालीच्या अपडेटमधूनच सोडण्यात आला होता. पुढे तो पसरायला वॉनाक्रायनेच वापरलेले, तीन महिन्यांपूर्वी दुरुस्ती आलेले भोकही उपयोगी पडले. खुद्द अपडेटच विषारी निघाले, असा प्रसंग दुर्मीळ आहे. त्यावर उतारा एकच, कपाटातली ती बॅकअपची डिस्क.

पण नकली अपडेट काही दुर्मीळ नाही. व्हॉट्सअॅपवर ‘पीएम किसान’च्या नावाने एपीके फाईल येते, ‘हे अॅप टाका नाहीतर हप्ता बंद’ म्हणून. ती टाकली की मोबाईलमधले संदेश चोराच्या हाती आणि खाते रिकामे. खरे अपडेट संगणकाच्या किंवा फोनच्या सेटिंगमधून, अॅपचे असेल तर प्ले स्टोअरमधून येते. व्हॉट्सअॅपवरच्या लिंकमधून आलेल्या ‘अपडेट’ला हात लावू नये. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आणखी एक बोचणारी गोष्ट. पुष्कळ संस्थांत विंडोजची फुकट उतरवलेली नकली प्रत आहे. तिचे बिंग फुटू नये म्हणून बसवणारा अपडेट बंदच करून देतो. चार पैसे वाचले असे वाटते, पण सभासदांच्या ठेवी उघड्यावर पडतात.

जुन्या मशीनचे काय?

कोणतीही कंपनी जुन्या प्रणालीला जन्मभर ठिगळे देत नाही. विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० च्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यानंतर घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदतीची सोय कंपनीने ठेवली, संस्थांना मात्र त्यासाठी पैसे भरावे लागतात. आपल्या संस्थेत कोणती विंडोज आहे, हे आजच बघून घ्यावे. विंडोज १० असेल आणि मशीन ११ ला चालणारे नसेल, तर येत्या अंदाजपत्रकात नव्या मशीनची तरतूद करावी. तोवर निदान त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि आले-गेले पेन ड्राइव्ह लावू नयेत.

हे कुणाचे काम?

केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या योजनेतली हिशेबाची प्रणाली नाबार्डमार्फत एकाच ठिकाणाहून चालते, त्यामुळे तिच्या दुरुस्त्या तिकडेच होतात. यावरून काही सचिवांचा समज झाला आहे की आता आपल्याला काही बघायला नको. पण टेबलावरचे मशीन, त्यातली विंडोज, ब्राऊझर, प्रिंटर आणि इंटरनेटचा राऊटर आपलाच. तिकडचे गोदाम पक्के असले तरी आपल्या खळ्यातले भात आपणच राखायचे. ग्रामपंचायतीचेही तसेच.

माझ्या पाहण्यात खरी अडचण तंत्राची नाही. ‘हे कुणी करायचे’ हे कुठेच लिहिलेले नसते. सचिवाला वाटते मेकॅनिक बघतो. मेकॅनिकला वाटते बोलावले तर जाऊ. अध्यक्षांना वाटते सचिव आहेत ना. म्हणून संचालक मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी मासिक सभेत एक साधा ठराव करावा. अपडेटची जबाबदारी एका माणसाच्या नावे द्यावी, तो नसेल तेव्हा कोण, तेही लिहावे. बॅकअपची डिस्क कुणाच्या कुलपात राहील ते ठरवावे. आणि एक वही ठेवावी : तारीख, कोणते अपडेट, आधी बॅकअप घेतला का, नंतर पावती छापली का, सही. अपडेटने काही बिघडले तर त्या माणसाला दोष देऊ नये. त्याने नियमाने काम केले असेल तर ती जबाबदारी साऱ्या मंडळाची. नाहीतर पुढच्या वेळी तोही ‘नंतर’वर टिचकी मारेल.

तात्यांच्या संस्थेत अशी वही २०२३ च्या ऑगस्टपासून आहे. परवा गेलो तेव्हा त्यांनी ती काढून दाखवली. दोन ठिकाणी ‘प्रिंटर चालला नाही, अपडेट काढले, सहा दिवसांनी पुन्हा घेतले’ अशी नोंद आहे. म्हणजे त्रास झाला नाही असे नाही. मी विचारले, “तात्या, आता भीती वाटत नाही?”

“वाटता तर!” ते म्हणाले. “पण आता बिघाडलाच तर खय जावचा ता म्हायत आसा.”

मी २०२१ मध्ये त्यांना जे सांगितले, ते या लेखाने मागे घेतो. ज्या सोसायटीत, पंचायतीत किंवा पेढीवर असेच कुणी ‘राहू दे’ म्हणून गेले असेल, तिथे येत्या दुसऱ्या मंगळवारच्या आत आधी बॅकअप घ्या, आणि मग अपडेटचे बटण पुन्हा चालू करा.